पाद्री पायी निघतो तेव्हा

कॅलाविन गावात रेव्हरंड ऑगस्टस पेनहॅलो पायी निघाले की चुलीवरच्या किटल्या शिट्या घालीत राहात. त्या उतरवायला कोणाचा हात धजत नसे. एरवी ते घोडागाडीतून येत, आणि ते येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशीच पाववाल्याच्या गाडीबरोबर पोहोचलेला असे. हा नेम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. मागच्या वर्षी त्यांच्या करड्या घोडीचा नाल निखळला, म्हणून ते प्रार्थनेच्या पुस्तकांविषयी विचारायला एका घरी चालत गेले, आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द फुटण्यापूर्वीच दार उघडणारी बाई उंबऱ्यावर कोसळली. तेव्हापासून गावाला पक्के कळून चुकले होते: गाडी म्हणजे चहा, आणि पायी म्हणजे तार.

तार पोस्टमन घरी देत नसे. सरकारची तशी रीत होती. भरती होताना शिपायाने ज्या पंथाचे नाव सांगितले असेल त्या पंथाच्या धर्मगुरूकडे तार जाई, आणि ती त्याने घरच्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायची. इंग्लंडच्या चर्चची मुले पेनहॅलोंची, कॅथलिकांची फादर स्कॅनलन यांची. मृत्यूसुद्धा गावात आपापल्या वेशीतून येत होता.

जुलै महिना होता, या दक्षिणेकडच्या मुलखातला ऐन हिवाळा. गवतावर दहिवर गोठले होते आणि पोस्टाच्या पत्र्यावरून ते थेंबाथेंबाने सुटत होते. पोस्टमास्तरांनी तार पुढे केली, पण बोटे सोडली नाहीत.

"रेव्हरंड, हे तुमच्याकडे कसं आलं? टियर्नी म्हणजे फादरची माणसं."

"बरोबर आलंय," पेनहॅलो म्हणाले.

शिपाई कॉर्नेलियस टियर्नी फ्रान्समध्ये लढताना मारला गेला, असे तारेत होते. त्याची आई होनोरा टियर्नी हिला कळवावे, आणि राजा-राणीची व सरकारची सहानुभूती तिच्यापर्यंत पोहोचवावी. पेनहॅलोंनी कागदाची घडी घातली आणि ती आतल्या खिशात, छातीशी ठेवली. गाव ज्याला कॉन म्हणे, त्या कॉर्नेलियसने भरतीच्या वेळी आपण इंग्लंडच्या चर्चचे आहोत असे सांगितले होते. त्याने ते का सांगितले, हे साऱ्या कॅलाविनमध्ये त्यांना एकट्यालाच ठाऊक होते. आणि त्यांनी त्याला शब्द दिला होता.

मुख्य रस्ता लांब आणि सरळ होता. त्याला वळण नाही, आडोसा नाही. चालणारा माणूस पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत दिसत राही, जणू एखादी सुई कापडातून सावकाश सरकते आहे आणि कुठल्या टाक्याला टोचणार ते कापडाला ठाऊक नाही. खोगीरवाल्याच्या घराचा पडदा हलला आणि तसाच धरलेला राहिला. दोन दारांपलीकडे एक बाई फाटकाशी उभी होती. तिच्या हातातला झाडू जमिनीला टेकला नव्हता. पेनहॅलो मान खाली घालून चालत होते. कोणाकडे पाहिले तर ते पाहणे त्या घरात शिरेल, अशी त्यांना धास्ती होती. ते फाटक मागे पडले, आणि झाडू पुन्हा सुरू झाला. फार जोरात, फार भराभर, जणू ती बाई कोणाला तरी झोडपीत होती. मागे रस्ता श्वास सोडीत होता, पुढे तो श्वास रोखीत होता, आणि या दोहोंच्या मधोमध ते एकटे होते.

पुलाच्या अलीकडे कॅथलिक चर्चच्या आवारात फादर स्कॅनलन बाह्या वर सारून लाकडे फोडीत होते. पेनहॅलो थांबले. थांबायचे नव्हते, पण पाय थांबले. एक वाक्य पुरले असते. ही तुमची तार आहे, चुकून माझ्याकडे आली. मग ते परत फिरू शकले असते, आणि या म्हाताऱ्या, प्रेमळ माणसाने ते ओझे ज्या घरी त्याला जीव लावतात त्या घरी नेले असते.

फादरनी कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली. पेनहॅलोंच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे त्यांनी पाहिले आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"कुठल्या बाजूला, ऑगस्टस?"

"पुलापलीकडे."

"पुलापलीकडे? तिथं तुमचं एकच घर. ब्रॅकन्रिज." फादरचा चेहरा उतरला. "त्यांचा रुपर्ट? अरेरे. येऊ का बरोबर? मला ती बाई दारात उभी करणार नाही, पण मी फाटकाबाहेर उभा राहीन हवं तर."

"नको," पेनहॅलो म्हणाले. "मी एकट्यानं जायचं, असं ठरलंय."

कोणाशी ठरले, हे फादरनी विचारले नाही. त्यांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली, पण पूल ओलांडेपर्यंत पेनहॅलोंना लाकूड फुटल्याचा आवाज आला नाही.

पलीकडे जग निराळे होते. इकडे आयरिश कुटुंबांची घरे होती आणि इकडच्या दारांना या पाद्र्याचे भय नव्हते. एका फाटकावर रेलून म्हातारा गॅफनी पाइप ओढीत होता.

"काय पाद्रीबुवा, वाट चुकलात का? तुमचा देव त्या बाजूला राहतो."

"तो इकडेही फिरतो म्हणे, गॅफनी."

"फिरत असेल. पण जेवायला घरीच जातो हो!"

आतून कोणीतरी हसले. एका पोरीने त्यांच्या पायांत कोंबडी सोडली आणि आईने तिला लटकेच रागावले. इथे कोणी पडदा धरून उभे नव्हते. ज्या रस्त्यावर त्यांना कोणी भीत नव्हते, त्याच रस्त्यावर आज ते ती वस्तू घेऊन चालले होते. अलीकडच्या बाजूच्या भीतीने त्यांना निदान वाट करून दिली होती. हे हसणे तेवढीही वाट देत नव्हते.

होनोरा टियर्नी परसात दोरीवरचे कपडे काढीत होती. रात्रीच्या दहिवराने ते ताठले होते. एका शर्टाच्या बाह्या पसरलेल्या तशाच गोठल्या होत्या. थोराड हाडांची, रुंद मनगटांची ती विधवा होती. गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडून नवरा गेला, तेव्हा कॉनची शाळा सुटली आणि तो घोडे सांभाळू लागला. तिला दुसरे मूल नव्हते.

"अगंबाई, पाद्रीबुवा!" तिने शर्ट काखेत मारला. "सक्तीच्या भरतीला 'हो' म्हणा, असं सांगायला आलात? मागच्या मतदानाच्या वेळी तुम्ही चर्चमधून एवढं घसा फोडून सांगितलंत, तरी मी 'नाही'वरच खूण केली. परत विचारलंत तरी परत 'नाही'. माझा आपखुशीनं गेलाय. दुसऱ्याच्या पोराला दोरी बांधून न्यायला मी मत देणार नाही."

"त्यासाठी नाही आलो, टियर्नीबाई."

"मग या आत. भट्टीत पाव आहे, आज गुरुवार ना. फादर यायचेत. भेटले का तुम्हाला?"

"लाकडं फोडताहेत."

"या वयात! पाठ धरली की मग माझ्याकडेच येऊन कण्हणार." ती हसली. मग तिची नजर खाली गेली. "गाडी कुठंय तुमची?"

पेनहॅलोंचा हात आतल्या खिशाकडे गेला.

तिचे हसू लगेच गेले नाही. ते ओठांवर काही क्षण तसेच राहिले, घरातला माणूस उठून गेल्यावर दिवा जळत राहावा तसे. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे सरकली, कुंपणापलीकडच्या चढावर, जिथे ब्रॅकन्रिजांचे पांढरे घर होते. त्या रस्त्यावर त्यानंतर घर नव्हते.

"अरे देवा," ती म्हणाली. "इथेलचा."

"टियर्नीबाई, मला तुम्हाला–"

"नाही!" तिने हात वर केला. "मला नाव सांगू नका. एक अक्षर सांगू नका. आईच्या आधी दुसऱ्या बाईच्या कानावर पडता कामा नये, एवढं तरी कळतं मला. तुमच्याने पाऊल पुढं टाकवत नाही म्हणून इथं थांबलात, होय ना? मी पाहिलंय तुम्हाला. गेल्या वर्षभरात म्हातारे झालात."

जिला सांगायचे तीच दुसरीच्या कळवळ्याने पेनहॅलोंचे तोंड दाबून धरीत होती. होनोरा आत गेली. भट्टीचे दार वाजले. सोड्याच्या पावाचा ऊबदार, आंबूस वास परसात पसरला. ती बाहेर आली तेव्हा तिने कोट चढवला होता आणि फडक्यात गुंडाळलेला पाव दोन्ही हातांत धरला होता.

"फादरना बिस्किटांवर भागवावं लागेल आज. चला. मी येते बरोबर."

"तुम्ही बोलत नाही ना एकमेकींशी?"

"मी नाही बोलत. ती कशाला गप्प बसतेय!" होनोरा रस्त्याला लागली, त्यांना मागे जावेच लागले. "दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, आयरिशांची पोरं लढत नाहीत, खेचरांच्या शेपटीमागं लपतात. का, तर माझा कॉन खेचरांच्या तांड्यावर आहे म्हणून. अहो, तोफगोळे वर कोण पोचवतं? अंधारात, चिखलातून, आणि येताना जखमी पोरांना पाठीवर घालून कोण खाली आणतं? तो सांगतो, खेचर आवाजाला भीत नाही, पण पाय कुठं पडतोय ते दिसलं नाही की अडून बसतं. मग हा त्याच्या कानात गातो. गाणं कसलं, माझ्या बडबडीची नक्कल करतो म्हणे. 'ऊठ रे, दूध कोण काढील, तुझा बाप?' की चाललं खेचर!" ती स्वतःशीच हसली, आणि हसल्याची तिला लाज वाटली. "आज असं हसू नये. रुपर्ट आणि तो एकाच घोड्यावर बसून गेले होते भरतीला. कुंपणाच्या तारा दोघांनी मिळून ताणल्यात या. हा खांब बघा, वाकडा. तो रुपर्टचा. सरळ आहेत ते माझ्या लेकाचे."

पेनहॅलो खांब पाहात होते. सरळ खांब संपत नव्हते. चढाच्या माथ्यावर, ओसरीवर, इथेल ब्रॅकन्रिज बादलीपाशी वाकून बटाटे धूत होती. ती अजून पाठमोरी होती. तिने मान वळवली तर तिला काय दिसेल, हे त्यांना आता स्पष्ट दिसू लागले: पायी येणारा पाद्री, आणि त्याच्याबरोबर, जिच्याशी वर्षभर अबोला आहे ती शेजारीण, हातात पाव घेऊन. तिला उंबऱ्यापर्यंत वाट पाहावी लागणार नव्हती. तिचा मुलगा तिथेच, बादलीपाशी, मरणार होता. एका न सांगितलेल्या वाक्यापायी त्यांनी दोन आया मारल्या असत्या.

इथेलने मान वळवली.

बादली कलंडली. बटाटे ओसरीच्या पायऱ्यांवरून एकेक करीत खाली येऊ लागले. त्यांचा आवाज थंड हवेत इथवर ऐकू आला.

"टियर्नीबाई," पेनहॅलो थांबले. "त्या घरी जायचं नाही."

"शरम वाटू द्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिनं पाहिलंय आपल्याला. आता मागं फिरलात तर काय होईल तिचं?"

"तार रुपर्टची नाही."

"मग कुणाची? पुढं घर कुठंय दुसरं?"

त्यांनी टोपी काढली.

"कॉन," ते म्हणाले. "टियर्नीबाई, कॉन गेला. फ्रान्समध्ये."

ती त्यांच्याकडे पाहात राहिली. रागाने नाही, एखाद्या मुलाने हिशेब चुकवला की त्याच्याकडे पाहावे तसे, जवळजवळ मायेने.

"नाही हो. तुमची चूक झालीय. आमच्या तारा फादरकडे येतात. तुम्हीच म्हणालात ना, ते लाकडं फोडताहेत? माझ्या कॉनचं काही असतं तर फादर लाकडं फोडत बसले असते? टियर्नी काय, ढीगभर आहेत. तुमच्या चर्चचा कुणी टियर्नी असेल. बघा परत. कागद नीट बघा."

"तुमचं नाव आहे त्यात."

"पण तो कॅथलिक आहे!" तिचा आवाज चिरकला. "तुमच्याकडे कशी येईल त्याची तार?"

वरून इथेल उतरू लागली होती. ती आधी चालत होती. मग पळू लागली.

"जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता," पेनहॅलो भराभर बोलू लागले. वेळ तेवढाच होता. "घोडीला नाल ठोकायला. खिळे दातांत धरून बोलत होता. म्हणाला, रेव्हरंड, भरतीला मी तुमच्या चर्चचं नाव सांगितलंय. देवाचं आणि माझं आम्ही बघून घेऊ. पण आईकडे दर गुरुवारी फादर येतात. बाबा गेल्यापासून तिला मनातलं बोलायला तेवढं एकच माणूस आहे. मी कॅथलिक म्हणून गेलो, तर दर गुरुवारी दार वाजलं की तिचा जीव जाणार. तुम्ही काही तिच्या दारात येत नाही. तेव्हा तुम्ही एकदाच या, म्हणाला. यायचंच झालं तर."

होनोराच्या हातातल्या फडक्यातून वाफ निघत होती. ती त्या वाफेकडे पाहात होती. आता तिच्यापाशी 'चूक झाली असेल' हा आधार उरला नव्हता. खिळे दातांत धरून बोलणे तिने लहानपणापासून पाहिले होते. त्यासाठी ती त्याला रागावत आली होती. हे कोणा दुसऱ्या टियर्नीचे नव्हते.

"सगळे गुरुवार," ती अखेर म्हणाली. "एकाही गुरुवारी घाबरले नाही मी. दार वाजलं की पीठ लागलेल्या हातांनी उघडायची." मग तिने मान वर केली. "आणि तुम्ही? पुलावर भेटलात की मला टोपी काढून नमस्कार करायचात. मी मनात म्हणायची, बिचारा, दुसऱ्यांच्या घरांत आग घेऊन फिरतो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

ती आणखी काही बोलणार होती. पण इथेल येऊन पोहोचली. तिचे केस सुटले होते, एका पायात सपात नव्हती, आणि ती पेनहॅलोंकडे पाहतच नव्हती. तिने होनोराचे दोन्ही दंड धरले.

"सांग मला! त्यांना बोलू देऊ नकोस, तू सांग. रुपर्ट? होनोरा, माझा रुपर्ट?"

होनोराने तिच्याकडे पाहिले. त्या क्षणी दुकानातले सगळे शब्द, वर्षभराचा सगळा अबोला तिच्या हाताशी होता, आणि उत्तर न देता एक श्वास जरी ती थांबली असती, तरी त्या बाईला पुरेशी शिक्षा झाली असती. पेनहॅलोंना ते दिसले. तिलाही दिसले असावे.

"तुझा नाही, इथेल," ती म्हणाली. "माझा."

इथेलचा चेहरा सुटला. तिला तो आवरता आला नाही. सुटकेचा लोंढा तिच्या डोळ्यांतून, ओठांतून वाहून गेला, आणि समोर कोण उभे आहे हे कळण्याआधीच तिच्या तोंडून "देवाची कृपा" असे निघून गेले. मग तिला ऐकू आले आपण काय बोललो ते. तिने तोंडावर हात मारला.

"असू दे," होनोरा म्हणाली. "आधी श्वास घे. असू दे गं. मीही तेच म्हटलं असतं." तिने पाव तिच्या हातात दिला, कारण आता तिच्याने तो धरवत नव्हता. "तुझ्यासाठीच आणला होता."

इथेल तो पाव उराशी धरून रडू लागली. होनोरा रडत नव्हती. ती परत फिरली आणि उताराने आपल्या घराकडे चालू लागली, आणि इथेल, एका पायात सपात नसलेली, तिच्यामागे निघाली. काही अंतरावर तिने होनोराची बाही धरली. होनोराने ती सोडवून घेतली नाही.

पेनहॅलो मागोमाग गेले. फाटकाशी होनोरा थांबली, पण त्यांच्याकडे वळली नाही.

"फादरना काही बोलू नका."

"त्यांना सांगायला हवं, टियर्नीबाई. मी जाता जाता–"

"आज गुरुवार आहे. ते येतीलच. दार मी उघडीन, आणि या वेळी मी सांगेन. तुमचं काम झालं. एकदाच या म्हणाला होता ना तो?"

दार लागले. राजा-राणीची सहानुभूती खिशातच राहिली. ती द्यायची त्यांना आठवणही झाली नाही, आणि आठवण झाली असती तरी ते दार पुन्हा वाजवण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. परसातल्या दोरीवर उरलेले कपडे ऊन लागून सैल पडू लागले होते.

म्हातारा गॅफनी अजून फाटकावर होता. "झालं का दर्शन, पाद्रीबुवा?" तो म्हणाला, आणि उत्तर आले नाही तेव्हा त्याने पाइप तोंडातून काढला, पण तो ब्रॅकन्रिजांविषयीच हळहळत असावा.

पुलावर फादर स्कॅनलन समोरून येत होते. त्यांनी हात धुतले होते, स्वच्छ कॉलर चढवली होती आणि ते कसलीशी धून शिट्टीवर वाजवीत होते. पेनहॅलोंना पाहून त्यांनी ती थांबवली.

"कशी आहे ती बाई?"

पेनहॅलोंनी कठडा धरला. खाली पाणी गढूळ आणि संथ होते.

"टियर्नीबाई तुमची वाट पाहताहेत," ते म्हणाले.

"ती नेहमीच पाहते. पाव गार होऊ दिला तर माझी धडगत नाही."

फादरनी त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि ते पुढे निघाले. पुलापलीकडे पोहोचल्यावर शिट्टी पुन्हा सुरू झाली. गॅफनीने त्यांना हात केला, कोणी तरी हाक मारली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दारे उघडीच राहिली. गुरुवार होता, आणि फादर पाव खायला चालले होते.